माणसे कमी न्या, जंगल दाखवा: मुंबई-ठाण्यातल्या ट्रेक आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मुंबई आणि ठाण्यातले सर्व ट्रेक आयोजक व ट्रेक लीडर यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र आधी खासगीत लिहिले होते. जुलैमधल्या एका रविवारी तुमच्यापैकी एका ग्रुपबरोबर मी आणि माझी अकरा वर्षांची भाची बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दिवसभराच्या ट्रेकला आलो. त्या दिवशी जे पाहिले आणि जे सोसले ते ग्रुपला मुद्देसूद लिहून पाठवले. उत्तर आले, "फीडबॅकबद्दल धन्यवाद. पावसाळी ट्रेकमध्ये थोडेफार चालायचेच." दोन दिवसांनी त्याच ग्रुपची १५ ऑगस्टच्या सुट्टीची जाहिरात आली. तीच वाट, एकाच दिवशी तीन बॅच, आणि खाली ठळक अक्षरांत मित्रांना आणलेत तर सवलत. ते वाचून मला गप्प बसवेना.

ग्रुपचे नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिले की चर्चा त्या एकाची होते आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतात. त्या रविवारी जे चालले होते ते कमी-अधिक प्रमाणात तुमच्यातल्या बहुतेकांच्या बॅचमध्ये चालते. शनिवारी-रविवारी वाटेवर तुमचे झेंडे आणि टी-शर्ट बघत असते, म्हणून ठामपणे लिहिते आहे.

मी बोरिवली पूर्वेची. वडील मला रविवारी पहाटे पार्कात न्यायचे. ते काही मोठे गिर्यारोहक नव्हते, पोस्टात नोकरी करायचे. पण कुडा कोणता, ऐन कोणता, पावसाच्या तोंडावर पांढऱ्या खोडाचा कांडोळ कसा ओळखायचा, हे त्यांनीच दाखवले. पुढे सोसायटीतल्या पोरांना घेऊन मी त्याच वाटा तुडवल्या, सह्याद्रीतले गडही फिरले. आता भाचीला जंगल दाखवायचे होते. गुडघे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, म्हणून एकटीने न नेता जाणत्या माणसांबरोबर जावे असे ठरवले आणि तुमच्याकडे पैसे भरले. मुंबईतले हजारो आईबाप असेच करतात. मूल तुमच्या हाती देतात आणि निर्धास्त होतात.

ज्या जंगलात तुम्ही माणसे नेता ते काय आहे, हे एकदा सांगते. सुमारे १०४ चौरस किलोमीटर. एका बाजूला बोरिवली-कांदिवली-मालाड, दुसऱ्या बाजूला मुलुंड-भांडुप, वर येऊर-ठाणे. तिन्ही बाजूंनी इमारती आल्यात आणि मधे हे रान अजून उभे आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन याच रानाच्या कुशीत आहेत, एकोणिसाव्या शतकापासून. दहिसर नदी इथूनच खाली उतरते, मिठीची सुरुवात विहारच्या सांडव्यापासून होते. अलीकडच्या गणनांत इथले बिबटे पन्नासच्या आसपास भरले आहेत, आणि एवढ्या दाटीने बिबटे राहतात अशी ठिकाणे जगात मोजकी आहेत. वर कान्हेरी. शंभराहून अधिक लेणी, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशी कातळात खोदलेली पाण्याची पोढी. दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या भिक्षूंनी डोंगरावरून वाहणारा पाऊस असा साठवला होता. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथल्या भिंतींवर आहेत.

हे सगळे लोकलच्या तिकिटात पोचता येते. दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहराला हे भाग्य आहे? आणि म्हणूनच तुमच्या हातात किती मोठी गोष्ट आहे हे तुम्हाला कळावे असे मनापासून वाटते.

आता तक्रारी.

पहिली माणसांच्या संख्येची, आणि बाकीच्या बहुतेक तक्रारी हिच्याच पोटातून निघतात. जाहिरातीत 'छोटी बॅच' लिहिले होते. कान्हेरीच्या पायथ्याशी जमल्यावर पाहते तर नव्वदच्या आसपास माणसे. लीडर तीन, त्यातले दोघे कॉलेजातली पोरे, एकाचा तो पहिलाच पावसाळा. आमच्याबरोबर पाड्यावरचे एक गाईड होते. त्यांना मी सगळ्यांसारखेच काका म्हणत होते. चालता चालता ते म्हणाले, "ताई, मला तीस सांगितली होती." बाकीची माणसे गेटवर साधी तिकिटे काढून आली होती आणि वर येऊन मिसळली होती. म्हणजे जी वाट परवानगी घेऊन, गाईडबरोबर चालायची, तिच्यावर परवानगीच्या तिप्पट पाय पडले.

नव्वद माणसे एका पायवाटेवर चालली की काय होते ते खाली बघून चालणाऱ्यालाच दिसते. पहिल्या वीस जणांपर्यंत वाट ठीक असते. मग चिखल होतो. मागचे लोक चिखल टाळायला वाटेच्या कडेने चालतात, पुढच्या पावसात ती कडाही चिखल होते, आणि त्याच्यामागचे आणखी बाहेर सरकतात. फूटभर रुंदीची वाट बघता बघता चार-पाच फूट होते. वळणे तोडून सरळ उतरण्याची घाई असते. त्या तोडलेल्या जागेतून पुढच्या सरीला पाणी धावते आणि मुरूम वाहून नेते. पुढच्या वर्षी तिथे वाट राहत नाही, घळ राहते. त्या दिवशी एका उतारावर कारवीची झुडपे वाटेच्या दोन्ही बाजूंना आडवी झालेली पाहिली, मुळे उघडी पडलेली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरून जाते. २०१६ साली इथले उतार निळे-जांभळे झाले तेव्हा तुमच्यातल्या कित्येकांनी खास बॅच काढल्या होत्या. जी कारवी फुलायच्या आधीच तुडवली गेली तिची बॅच कोण काढणार? उतार धरून ठेवण्याचे काम तीच झुडपे करत असतात, हेही जाता जाता सांगते.

दुसरी तक्रार आडवाटेची. दुपारी लीडरने जाहीर केले की ज्यांना 'सीक्रेट धबधबा' बघायचा आहे त्यांनी आपल्यामागे यावे. काका म्हणाले, तिकडे जायचे नाही, परवानगी नाही. लीडर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, दहा मिनिटं." आणि अर्धी बॅच घेऊन गेलाच. काका आमच्याजवळ थांबले. सगळ्यांसमोर त्यांचा शब्द असा बाजूला सारला गेला हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्या धबधब्याचे फोटो संध्याकाळी ग्रुपच्या पानावर झळकले, ठिकाणाच्या खुणेसकट. आता दर रविवारी तिथे कोण कोण जाईल ते तुम्ही जाणता.

आवाजाचे काय सांगू? तीन ब्लूटूथ स्पीकर होते. एक तर लीडरच्याच सॅकला लटकवलेला. 'बॅचचे वातावरण बनवायला' गाणी लावतो असे त्याने भाचीला समजावून सांगितले. जुलै हा या रानात पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. नवरंग पावसाबरोबर येतो, जमिनीवरच्या पाचोळ्यात किडे शोधतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो, माणसाने शीळ घालावी तसा, थांबत थांबत. ज्याने एकदा ऐकला त्याला तो जन्मभर लक्षात राहतो. सकाळी बस यायच्या आधी गेटजवळच्या झाडीत भाचीला नवरंगाचा आवाज मी ऐकवला होता. तो बघायला मिळेल म्हणून ती वाटभर पाचोळ्यात नजर लावून चालत होती. मिळाला नाही. नव्वद माणसे आणि तीन स्पीकर गेल्यावर त्या पट्ट्यात कोण थांबेल? तिने विचारले, "मावशी, इथे पक्षी नसतातच का?" तिच्या या प्रश्नाने मला जितके वाईट वाटले तितके त्या दिवशीच्या कुठल्याच गोष्टीने वाटले नाही. तुमच्या फीमध्ये नाश्ता होता, जेवण होते, फोटोग्राफर होता. जंगल नव्हते.

तुम्ही म्हणाल, लोकांना गाणी लागतात. लोकांना जे दाखवाल ते लागते. त्याच बॅचमधली पंचवीस-तिशीची मुले काकांच्या भोवती जमली होती, जेव्हा त्यांनी उंबराच्या खोडावर बिबट्याने नखे घासल्याच्या खुणा दाखवल्या. कोणी न सांगता गप्प झाली होती. पाच मिनिटे सगळे त्या ओरखड्यांवर बोटे न लावता, वाकून बघत होते. एकाने विचारले, एवढ्या उंचीवर कशा? काकांनी हात वर करून बिबट्या कसा ताणून उभा राहतो ते करून दाखवले. त्या पाच मिनिटांसाठी ती पोरे आली होती. त्यांना ते माहीत नव्हते एवढेच. माहीत करून देणे हे तुमचे काम आहे.

मग कचरा. एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पार्काच्या गेटवर पिशव्या तपासतात, हे तुम्ही सहभागींना सांगता. पण जेवणाची पाकिटे तुमचीच होती, थर्माकोलच्या वाट्या तुमच्याच होत्या, आणि उरलेला पुलाव एका खडकामागे ओतला गेला. "कुजून जाईल, खत होईल" असे उत्तर मिळाले. खत होत नाही. ते अन्न माकडे खातात, आणि एकदा चटक लागली की पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढतात. पार्काच्या कडेला तेच अन्न भटके कुत्रे खातात. जिथे उकिरडा तिथे कुत्रे, जिथे कुत्रे तिथे बिबट्या. वस्तीच्या कडेने बिबट्या का फिरतो हे या शहराने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांत किती माणसे गेली ते बोरिवली-मुलुंड-ठाण्याच्या लोकांच्या अजून लक्षात आहे. त्यानंतर वनविभाग, अभ्यासक आणि इथले रहिवासी यांनी वर्षानुवर्षे लोकांना समजावले की कचरा आवरा, अंधारात मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. ते सगळे श्रम तुम्ही एका खडकामागे ओतू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात कचरा टाकायला आणि प्राण्यांना त्रास द्यायला स्पष्ट मनाई आहे. हे तुमच्या जाहिरातीत का नसते?

कान्हेरीच्या एका पोढीत चिप्सची रिकामी पाकिटे तरंगत होती. ती आमच्याच बॅचची होती असे मी म्हणत नाही. पण आमच्या लीडरने ती काढली नाहीत आणि कोणाला दाखवलीही नाहीत. लेण्यांच्या वरच्या कड्यावर उभे राहून फोटो काढण्यात सगळे गुंतले होते.

आता ओढ्याची गोष्ट. खरे तर या पत्राला हीच कारण झाली.

सकाळी जाताना तो ओढा घोट्याएवढा होता. भाचीने बूट न काढता उड्या मारत पार केला. दुपारी परतताना आमच्याकडे जेमतेम भुरभुर होती, पण वरच्या धारेवर तासभर काळे ढग अडकून बसलेले दिसत होते. ओढ्याशी पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होते. लीडर म्हणाला, पटापट चला, खाली बस थांबली आहे. काका मात्र काठावरच उभे राहिले. पाण्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरीला धरून ठेवा. जाऊ नका." मी विचारले काय झाले. त्यांनी बोट दाखवले. सकाळी तळ दिसत होता, आता पाणी दुधाच्या चहासारखे झाले होते. वर सुकी पाने आणि काटक्या यायला लागल्या होत्या, आधी तुरळक, मग झुबक्यांनी. आवाज बदलला होता. वर कुठेतरी दगड दगडावर आपटत होते.

काकांनी लीडरला थांबायला सांगितले. लीडरने हातात हात धरून साखळी करायला लावली. दोर होता, पण तो बसमध्ये राहिला होता. साखळी मधोमध असताना पाणी मांडीपर्यंत आले. एका मुलाचा पाय सटकला, त्याचा हात सुटला आणि तो खालच्या एका मोठ्या धोंड्याला जाऊन अडकला. तो धोंडा तिथे नसता तर काय झाले असते, हे लिहवत नाही. काका पाण्यात उतरले, त्यांच्यामागे बॅचमधली दोन मुले उतरली आणि त्याला ओढून काठावर आणले. नडगी हाडापर्यंत खरवडली होती. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत चार पट्ट्या आणि एक सुकलेली मलमाची ट्यूब. माझ्या ओढणीने जखम बांधली. मग उरलेले आम्ही काठावर बसून राहिलो. पाऊण-एक तासात पाणी उतरले आणि आम्ही सकाळसारखेच चालत आलो. तासभर थांबणे, एवढेच करायचे होते.

डोंगरातला ओढा हा आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने फुगत नाही, वर पडलेल्या पावसाने फुगतो. ही गोष्ट पावसाळ्यात माणसे नेणाऱ्याला झोपेतही ठाऊक हवी. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे अशीच बघता बघता वाढलेल्या पाण्यात वाहून गेली. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आणि २६ जुलै २००५ ला याच डोंगरांखाली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला होता. मुंबईच्या पावसाबद्दल 'थोडेफार चालायचेच' असे म्हणण्याची हिंमत कशी होते?

शेवटची तक्रार काकांची. त्यांनी ती केलेली नाही, मी त्यांच्या वतीने करते आहे, आणि ते कोण हे कळू नये म्हणून पाड्याचे नावही लिहीत नाही. या रानात वारली, कोकणा, महादेव कोळी, काथोडी ही माणसे पार्क व्हायच्या आधीपासून आहेत. त्यांच्या पाड्यांवर वाघदेवाला आजही नारळ फोडतात. वाघबारशीला पूजा होते. जंगलात कुठे वळायचे आणि कुठे थांबायचे हे त्यांना कळते. त्या दिवशी एक जीव वाचला तो त्यांच्यापैकी एकामुळे. बॅच संपल्यावर लीडरने सगळ्यांचे आभार मानले, फोटोग्राफरचे मानले, बसवाल्याचे मानले. काकांचे नाव घेतले नाही. दिवसाचे किती मिळतात असे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्यातल्या एका माणसाच्या फीपेक्षा कमी होती. नव्वद जणांची फी गोळा झाली होती. पाड्यावरच्या बायका वाटेत काकड्या, उकडलेल्या शेंगा, कंटोली घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे थांबायला वेळ नव्हता कारण आपले पाकिटातले जेवण थंड होत होते.

तुमच्या बाजूचेही मला कळते. तुमच्यात बरेच जण नोकरी सोडून यात आले आहेत, काहींचे घर यावर चालते. सोमवार ते शुक्रवार लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला एक हिरवा दिवस देणे हे चांगलेच काम आहे. कित्येक मुली घरातून एकट्या बाहेर पडून डोंगर चढायला लागल्या त्या तुमच्यामुळे. पंधरा माणसांपुढे एकही न घेणारे, पावसाचा इशारा आला की ट्रेक रद्द करून पैसे परत देणारे आयोजकही मला माहीत आहेत. त्यांची फी जास्त असते आणि तरी त्यांच्या जागा भरतात. तेव्हा 'लोक स्वस्त मागतात, म्हणून गर्दी न्यावी लागते' हे कारण मला पटत नाही. तीस माणसांकडून नीट पैसे घ्या, काकांना नीट पैसे द्या, आणि मागच्या साठ जणांना पुढच्या रविवारची तारीख द्या.

मागण्या सरळ आहेत.

या पार्कात आणि कुठल्याही अभयारण्यात एका बॅचमध्ये परवानगीपेक्षा एक माणूस जास्त नको, आणि ती परवानगी किती जणांची आहे ते जाहिरातीतच लिहा. दहा माणसांमागे एक लीडर हवा. ज्याने किमान दोन पावसाळे कोणाच्या तरी हाताखाली काढले आहेत आणि प्रथमोपचार शिकला आहे असा. दोर लीडरच्या सॅकमध्ये हवा, बसमध्ये नको.

जिथे स्थानिक गाईड बरोबर असेल तिथे वाट आणि ओढा या दोन बाबतींत त्याचा शब्द अखेरचा. हे निघायच्या आधी सगळ्या सहभागींसमोर, त्याचे नाव घेऊन सांगा. त्याचे मानधन माणशी फीशी जोडा, म्हणजे बॅच मोठी झाली की त्यालाही ते कळेल आणि मिळेल. जेवण शक्य तिथे पाड्यावरच्या घरांतून घ्या. तांदळाची भाकरी आणि रानभाजी खाऊन कोणीही तक्रार करणार नाही.

स्पीकर पूर्ण बंद. दिवसातून एक तास तरी सगळ्यांनी न बोलता चालायचे, असा कार्यक्रमच ठेवा. अन्नाचा कण आणि पाकिटाचा तुकडा परत गेटबाहेर. आडवाट नाही, 'सीक्रेट' जागा नाही, ठिकाणाच्या खुणेसकट फोटो नाही.

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ट्रेक रद्द आणि पैसे परत, कपात न करता. पैसे बुडतील या भीतीनेच माणसे इशारा असतानाही येतात आणि लीडरही त्याच भीतीने ओढ्यात उतरतो.

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आहेत. तुमची नोंदणी झाली असेल तर क्रमांक लिहा. झाली नसेल तर आधी ती करा, मग बॅच काढा. विमा उतरवत असाल तर किती रकमेचा, तेही लिहा.

वनविभागाला मी वेगळे पत्र लिहिते आहे, ते इथे मिसळत नाही. ते बघतील ते बघतील. माणसे आत नेणारे तुम्ही आहात.

ज्या ग्रुपबरोबर मी आले होते त्यांना एक जास्तीची विनंती. त्या मुलाच्या घरी जाऊन या. टाके पडले आहेत, महिनाभर कामावर जाता आलेले नाही. त्याच्या औषधपाण्याचा खर्च तुम्ही द्यायला हवा. आणि काकांना भेटा, चारचौघांत आभार माना.

१५ ऑगस्टच्या तीन बॅच रद्द करून एकच काढा, तीस जणांची. ज्यांनी पैसे भरलेत त्यांना परत द्या किंवा पुढची तारीख द्या. येत्या आठवड्यात तुमच्यापैकी जे जे आयोजक या मागण्या मान्य असल्याचे आपल्या पानावर लिहितील त्यांची नावे मी आमच्या सोसायट्यांच्या, शाळेच्या पालकांच्या आणि माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर स्वतः टाकेन. जे लिहिणार नाहीत त्यांना त्यांच्या प्रत्येक जाहिरातीखाली हेच प्रश्न विचारेन: किती माणसे, किती लीडर, गाईड कोण, दोर कुठे, नोंदणी क्रमांक काय. वाचणाऱ्यांनाही विनंती आहे, पैसे भरण्याआधी तुम्हीही विचारा.

भाची पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे म्हणते आहे. तिला नवरंग बघायचा आहे. उत्तराची वाट पाहते.

आपली,
बोरिवली पूर्वेची एक रहिवासी